परिवहन मंत्री महोदय, इंजिन बंद राहिलं म्हणून माझी गाडी अडली

माननीय परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,

सप्रेम नमस्कार.

मी कोकणातला टूरिस्ट गाडीवाला. एकच गाडी, मीच मालक आणि मीच ड्रायव्हर. 2023 च्या ऑगस्टमध्ये कर्ज काढून सात सीटर हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीची मोटर दोन्ही असलेली गाडी, घेतली. व्यावसायिक गाडीला पहिली दोन वर्षं फिटनेस सर्टिफिकेट असतं, त्यानंतर पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, करावी लागते. त्या पासिंगपायी यंदाचा माझा गणपतीचा सीझन बुडाला, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

17 ऑगस्टला फिटनेस संपत होतं. पासिंगला चालू पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचा दाखला, लागते, म्हणून 12 तारखेला पीयूसी काढायला गेलो. पोराने सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि म्हणाला, गाडी चालू करा. मी म्हटलं, चालूच आहे. तो म्हणाला, आवाज कुठेय? साहेब, हायब्रिड गाडी जागेवर उभी असली आणि बॅटरी भरलेली असली की इंजिन आपोआप बंद होतं. बिघाड नाही, ती तशीच बनवलेली आहे, त्यातच तिचं पेट्रोल वाचतं. पण यंत्राला धूर हवा, आणि धुराला इंजिन चालू हवं. मी एसी लावला, हेडलाइट लावले, अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन मिनिटभर सुरू व्हायचं, रीडिंग स्थिर होण्याआधी बंद पडायचं. शेवटी त्याने नळी गुंडाळली आणि सांगितलं, "काका, ही गाडी आमच्याकडे होणार नाही."

हिरव्या पाटीच्या इलेक्ट्रिक गाडीला पीयूसी लागतच नाही. डिझेलवाल्याची दोन मिनिटांत होते. माझी पिवळ्या पाटीची हायब्रिड मधल्या मध्ये लटकली. गेल्या वर्षी ठाण्याला भाडं घेऊन गेलो होतो, तेव्हा तिथल्याच एका केंद्रावर काढून घेतली होती. तिथल्या मुलाला युक्ती ठाऊक होती, त्यामुळे यात काही अडचण असते हे मला कळलंच नव्हतं. यंदा तीन केंद्रं फिरलो, तिन्हीकडे एकच उत्तर. मध्ये 15 ऑगस्ट आला, दुसऱ्या दिवशी गोपाळकाला. 18 तारखेला एका मेकॅनिकने फोनवर समजावलं: गाडी स्टार्ट न करता नुसतं स्विच ऑन करा, मग पार्किंगमध्ये अॅक्सिलरेटर दोनदा पूर्ण दाबा, न्यूट्रलमध्ये दोनदा, परत पार्किंगमध्ये दोनदा, आणि मगच स्टार्ट करा. हे सगळं मिनिटाच्या आत. मी केलं, आणि इंजिन धडधडत सुरूच राहिलं. तपासणीसाठी ही सोय कंपनीने गाडीतच दिलेली आहे. पीयूसी आरामात झाली.

एवढी एक गोष्ट सरकारी कागदावर छापून प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर का लावता येत नाही? माझे सहा दिवस गेले, तोवर फिटनेस संपलं होतं. फिटनेस नसताना गाडी रस्त्यावर काढली आणि काही झालं, तर विमा कंपनी हात वर करणार. म्हणून गाडी अंगणात उभी केली.

20 तारखेला पासिंगला गेलो, तर तिथे ब्रेकवर नापास. याबाबतीत खोटं बोलणार नाही. इन्स्पेक्टर साहेबांनी मागच्या चाकातून बोट आत घालून डिस्कवर फिरवलं आणि मला दाखवलं. बोटाला नारिंगी गंज लागला होता. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढतही होती. साहेबांची चूक नव्हती. पण हा गंज कुठून आला, ते ऐका. हायब्रिडमध्ये ब्रेकवर पाय ठेवला की आधी मोटर उलटी काम करून गाडी हळू करते आणि बॅटरी भरते. पॅड डिस्कवर घासतात ते शेवटी, तेही थोडेच. साध्या गाडीत रोज घासून डिस्क लखलखीत राहते, माझ्या गाडीत ती तशीच पडून राहते. त्यात आमच्याकडे चार महिने पाऊस आणि समुद्राची खारी हवा.

माझा भाचा जर्मनीत असतो, त्याच्याकडे चार्जिंगची प्लग-इन हायब्रिड आहे. त्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, मामा, इथेही हाच त्रास आहे. तिथे नवी गाडी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासतात. तिथल्या तपासणी संस्थांच्या 2024 च्या अहवालात दोन-तीन वर्षांच्या गाड्यांमध्ये टेस्ला मॉडेल 3 ही इलेक्ट्रिक गाडी सगळ्यात खाली होती, 14.7 टक्के गाड्यांत मोठे दोष निघाले. म्हणजे गाडी नवी आणि महाग असली की पास होतेच, असं तिथेही नाही. फरक एवढाच, की ते आकडे छापतात, कोणत्या गाडीचं काय खराब होतं ते लोकांना सांगतात. भाच्याला त्याच्या तपासनीसाने सांगून ठेवलं आहे, आठवड्यातून एकदा रिकाम्या रस्त्यावर चार-पाच वेळा जोरात ब्रेक मारत जा. मला हे दोन वर्षांत कुणी सांगितलं? विकणाऱ्याने नाही, सर्व्हिसवाल्याने नाही, आणि तुमच्या खात्यानेही नाही.

डिस्क घासून, पॅड बदलून दुसऱ्या दिवशी गाडी तयार होती. पण फेरतपासणीची तारीख मिळाली 4 सप्टेंबर! गणपती 27 ऑगस्टला आले आणि गौरी-गणपती 2 सप्टेंबरला गेले. डोंबिवलीचं एक कुटुंब आठ वर्षं माझ्याच गाडीने गावी येतं. त्यांच्या आजींना गुडघ्याचा त्रास आहे, म्हणून मी पायरीखाली लाकडी पाट ठेवतो. यंदा तो पाट दुसऱ्याच्या गाडीत ठेवून दिला आणि त्याला सगळं समजावून सांगितलं. अशी अकरा भाडी गेली. कर्जाचा हप्ता 5 तारखेला कापला गेलाच. बँकेला गौरी-गणपती नसतात.

केंद्राच्या नियमात फिटनेस उशिरा केलं तर दिवसाला 50 रुपये जादा शुल्क आहे. 2024 मध्ये रिक्षावाले रस्त्यावर उतरले, तेव्हा त्याला स्थगिती मिळाली. म्हणजे ओरडल्यावर ऐकू येतं. यंत्रावर तपासणी करणारी स्वयंचलित केंद्रं यायची होती, हलक्या व्यावसायिक गाड्यांसाठी आधी 1 जून 2024 ची तारीख दिली होती, मग ती 1 ऑक्टोबरवर ढकलली. मी तरी आमच्याकडे असं केंद्र अजून पाहिलेलं नाही. तुम्ही तारीख पुढे ढकलता, तेव्हा तुम्हाला कोण उभं करून ठेवतं? आम्ही एक दिवस चुकलो की गाडी बंद.

आणि ज्या रस्त्यावर ही गाडी चालते, त्याची पासिंग कोण करणार? मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर 84 किलोमीटरचं काम 2011 मध्ये सुरू झालं. माझा मुलगा तेव्हा पहिलीत होता, आज कॉलेजात आहे. त्या रस्त्यावरच्या खड्ड्यांनी दोन वर्षांत दोनदा बुश आणि लिंक रॉड बदलायला लावले. पासिंगला चाकाखालचं सगळं हलवून बघतात, त्यात ढिलं सापडलं तर नापास मी होतो. रस्ता खराब ठेवणाऱ्याला कुणी नापास केल्याचं ऐकलं नाही.

मला टोलमाफी नको, अनुदान नको. हायब्रिडची पीयूसी कशी करायची, ते प्रत्येक केंद्राला लेखी कळवा. ब्रेकवर नापास केलं तर कोणत्या चाकाचं काय आढळलं ते कागदावर द्या. मला फक्त 'ब्रेक सदोष' एवढंच लिहून दिलं होतं. आणि दुरुस्त केलेली गाडी दोन दिवसांत परत बघा, पंधरा दिवसांनी नको. पोटावरची गाडी आहे साहेब.

माझी पुढची पीयूसी ऑगस्ट 2026 मध्ये आहे, आणि गणपती 14 सप्टेंबरला. एक पानाचं परिपत्रक काढायला तेवढा वेळ पुरेल.

आपला,
पिवळ्या पाटीचा एक गाडीवाला