बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, काल तुम्ही म्हणालात, "राहू दे ते ऑपरेशन. भूल दिली की माणूस येडा होतो, गल्लीतल्या मास्तरांचं बघ." फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणून ठेवून देता, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमची भीती खोटी नाही. साठीपुढच्या, मोठं ऑपरेशन झालेल्या बाराशेवर लोकांची पाहणी १९९८ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात आली होती. आठवड्यानं चौघांत एकाची स्मरणशक्ती कमी पडत होती, तीन महिन्यांनी दहांत एकाची. म्हणजे पुष्कळ लोक सावरले. आणि दोष एकट्या भुलीचा नाही. कापाकापी झाली की जखम भरायला शरीर दाहाची रसायनं सोडतं. ती रक्तातून फिरतात. उतारवयात रक्त आणि मेंदू यांच्यामधला बांध सैल झालेला असतो, त्यामुळे मेंदूतल्या राखणदार पेशीही खवळतात आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागाला झळ लागते. म्हणून 'कमरेतूनच भूल द्या' असा हट्ट धरू नका. मोडलेल्या खुब्याच्या ऑपरेशनांवर २०२१ साली दोन मोठ्या चाचण्या छापून आल्या. कोणतीही भूल दिली तरी नंतर गोंधळण्यात फारसा फरक दिसला नाही.

आई, आता तुझं काम. ते शुद्धीवर आले की लगेच चष्मा आणि कानाचं मशीन लाव. डॉक्टर हो म्हणतील तेव्हापासून पाणी पाज, चालायला लाव. वार, तारीख सांगत राहा. सोयाबीनला काय भाव लागला, मांजरा धरणात पाणी किती आलं, हे त्यांनाच विचार. दवाखान्यात दाखल झालेल्या सत्तरीपुढच्या लोकांची अशीच काळजी घेतली, तर गोंधळणारे शंभरात पंधरावरून दहावर आले, असं १९९९ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दाखवलं. मला हे औषधाइतकंच मोलाचं वाटतं.

गावाकडून गाडी भरून लोक भेटायला येतील. दिवसा येऊ दे, एकेक करून. रात्री मात्र कुणी नको. अंधार आणि झोप हवी.

तरीही ते भलतंच बोलायला लागले, तुला ओळखेनात, किंवा नुसतेच गप्प पडून राहिले, तर लगेच नर्सला सांग. गप्प पडलेल्या माणसाकडे कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून ते जास्त सांगते. बाहेरचं झालं म्हणून अंगारा लावत बसू नका. लघवी तुंबली असेल, जंतुसंसर्ग असेल, सोडियम उतरलं असेल, दुखत असेल. कारण सापडलं की इलाज होतो.

आणि बाबा, मेडिकलवरून आणून रोज घेता ती झोपेची गोळी डॉक्टरांना दाखवा. तसल्या गोळ्यांनी हा गोंधळ वाढू शकतो. पण एकदम बंदही करू नका, त्यानंही त्रास होतो. ती कशी कमी करायची ते डॉक्टरच सांगतील. तंबाखूचंही लपवू नका. तोवर सकाळी गुडघा सोसेल तेवढं चाला.

लातूरला भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटायला जाल तेव्हा मला फोन लावून द्या. मी स्वतः बोलते त्यांच्याशी.

तुमची,
शीला