राजकन्येचा रंग आणि तिचे संवाद

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर डिस्नेच्या चित्रपटांतल्या राजकन्यांच्या बदलत्या वर्णावरून तू तावातावाने म्हणालास, "गोष्टीत आहे तशीच राजकन्या दाखवा ना! दर वेळी रंग कशाला बदलायचा?" तुझी आई मध्येच बोलली आणि विषय तिथेच राहिला. म्हणून हे पत्र.

"गोष्टीत आहे तशी" म्हणजे कुणाच्या गोष्टीत? अलादीनचंच बघ. आपण त्याला अरबस्तानातला धरून चालतो. पण ही गोष्ट 'अरेबियन नाइट्स'च्या जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीच. हॅना दियाब नावाच्या सीरियातल्या अलेप्पोच्या तरुणाने ती १७०९ मध्ये पॅरिसला 'अरेबियन नाइट्स'चे फ्रेंच अनुवादक अन्त्वान गालां यांना सांगितली, आणि त्यांनी ती फ्रेंचमध्ये लिहिली. त्या पुस्तकातला अलादीन चीनमधल्या एका शिंप्याचा मुलगा आहे! सिंड्रेलाची तीच तऱ्हा. शार्ल पेरो या लेखकाची फ्रेंच सिंड्रेला छापली गेली १६९७ मध्ये. त्याच्या आठेक शतकं आधी एका चिनी लेखकाने ये शियान नावाच्या मुलीची गोष्ट लिहून ठेवली होती. सावत्र आई, समारंभ, हरवलेला जोडा, राजा, सगळं त्यात आहे. परीच्या जागी फक्त जादूच्या माशाची हाडं. या गोष्टी जिथे गेल्या तिथल्या झाल्या. सोनेरी केस हेसुद्धा त्यांना वाटेत चिकटलेलं एक रूप.

तरी तुझ्या तक्रारीतला अर्धा भाग मला पटतो. नुसता चेहरा रंगवून भागत नाही. २००९ मध्ये डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या, टियाना, पडद्यावर आली. एवढी वाट पाहायला लावून तिला दिलं काय? चित्रपटाचा बराचसा वेळ ती हिरवी बेडकी होऊन उड्या मारते. गाणी झकास आहेत, तो भाग वेगळा.

आणि ही आकडेवारी बघ. कार्मेन फॉट आणि कॅरेन आयझेनहाउर या दोन भाषाशास्त्रज्ञांनी डिस्नेच्या राजकन्यापटांत कोण किती बोलतं ते मोजलं. १९९२ च्या 'अलादीन'मध्ये सुमारे ९० टक्के संवाद पुरुषांच्या तोंडी. 'म्युलान'मध्ये तर नायिकाच लढाई जिंकते, तरी ७७ टक्के! उलट आपण ज्यांना बिचाऱ्या म्हणून हसतो त्या जुन्या राजकन्यांच्या चित्रपटांत, म्हणजे १९५० च्या 'सिंड्रेला'त किंवा १९५९ च्या 'स्लीपिंग ब्यूटी'त, बायकांचं बोलणं निम्म्याहून जास्त भरलं. मला हे वाचून गंमत वाटली आणि रागही आला. कारण शोधायला लांब जायला नको. नायिका एकटी असते, आणि तिच्या भोवतीचे सैनिक, दुकानदार, सल्लागार, विनोदी ड्रॅगन, खेकडा, पोपट हे सगळे पुरुषी आवाजात बोलतात. पोपटाला बाईचा आवाज दिला असता तर कथेचं काय बिघडलं असतं?

म्हणून मी रंगाआधी हे बघतो, की गोष्ट घडवताना टेबलाशी कोण बसलं होतं. डिस्नेच्याच 'फ्रोझन'च्या पहिल्या भागात सामी लोकांच्या, म्हणजे युरोपच्या अगदी उत्तरेकडच्या आदिवासींच्या, गायकीचे सूर आणि पेहराव आले, आणि त्यावर टीकाही झाली. दुसऱ्या भागाच्या वेळी, २०१९ मध्ये, कंपनीने नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमधल्या सामी संसदांशी आणि सामी परिषदेशी रीतसर करार केला. सामी जाणकारांचा गट सल्ल्याला घेतला आणि चित्रपट उत्तर सामी भाषेतही डब केला. कंपनीला शेवटी तिकिटंच विकायची असतात, हे मला कळतं. पण त्या भाषेतल्या पोरांना राजकन्या आपल्या बोलीत ऐकू आली, हे कराराशिवाय झालं नसतं.

आता तुझी पाळी. पुढचा चित्रपट बघशील तेव्हा नायिकेला बोलायला एखादी मैत्रीण तरी आहे का, एवढं बघ आणि कळव. माझं म्हणणं खोडून काढणारं उदाहरण सापडलं तर आधी ते पाठव.

तुझा,
बाबा