पेपर आठ दिवसांत मुलांच्या हातात पडू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

पाचवी-आठवीत नापास झालेल्या मुलाला निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा देता येते. तरतूद चांगली आहे. पण तेव्हा मे महिन्याची सुट्टी असते. शाळा बंद, मूल गावी. चुकल्यावर पुन्हा बसून करण्याचा चिवटपणा सुट्टीत अचानक येत नाही. तो जूनपासून वर्गात मुरावा लागतो.

पाचवीतलं मूल ३/४ + १/२ = ४/६ लिहितं. अंशात अंश, छेदात छेद मिळवला. या वयातली नेहमीची चूक. त्यावर लाल फुली पडते आणि गठ्ठा तीन आठवड्यांनी परत येतो. तोवर वर्ग पुढच्या धड्यावर. मुलाला फुली दिसते, चूक कळत नाही, आणि 'मला गणित येत नाही' हे मनात पक्कं बसतं. तिथेच विचारावं: पाऊण भाकरीत अर्धी घातली, तर पाऊणपेक्षा कमी कशी झाली? मूल स्वतःच थबकतं.

म्हणून चाचणीचे पेपर आठ दिवसांत परत मिळावेत. फुलीऐवजी चुकलेल्या पायरीखाली रेघ असावी. एक अख्खा तास दुरुस्तीला द्यावा आणि नंतर त्याच धर्तीचं नवं गणित घालावं. जुनंच दिलं तर शेजारच्या वहीतून उतरतं. दुसऱ्या प्रयत्नाचे गुण धरावेत, नाहीतर तो कुणी मनावर घेत नाही. हे बारगळतं ते शिक्षकांच्या आळसामुळे नव्हे. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक हे कायद्याचं प्रमाण. पण प्रत्यक्षात पन्नास पेपर आणि वर मतदारयादीचं काम आलं की आठवडा संपतो. चाचणीनंतरचा आठवडा तरी या कामांतून मोकळा ठेवा. रिक्त पदं तशीच ठेवून मुलांकडून चिवटपणा मागणं अन्यायाचं आहे.

वर्गात गुण मोठ्याने वाचणं थांबावं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मानसिक छळाला मनाई केलीच आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या अभ्यासात दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, गप्प मुलंही बोलू लागली. याला पैसा लागत नाही, सराव लागतो. पुण्यात रहदारीच्या रस्त्याला लागून असलेल्या वर्गांत मागच्या बाकावर प्रश्नच नीट पोचत नाही. तिथे बाकं दर सोमवारी फिरवावीत.

कुमठेकर रस्त्यावरच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेला या दुरुस्तीच्या तासाचा नमुना तयार करायला सांगावं आणि पहिल्या चाचणीआधी तो शाळांना मिळावा, ही विनंती.

आपले,
पुण्यातील काही शिक्षक आणि शालेय समुपदेशक