तिमाहीला दोन रजा आणि सिकलसेलचा मुलगा : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

माझ्या १४ वर्षांच्या मुलाला सिकलसेल आहे. विदर्भातल्या माणसाला हा आजार समजावून सांगावा लागत नाही. माझ्या कंपनीच्या मुंबईतल्या कार्यालयाला मात्र दर वेळी सांगावा लागतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिनीत अडकल्या की हाडे ठणकू लागतात, आणि अंगातले पाणी कमी होणे हे त्याचे नेहमीचे एक कारण असल्याने नागपूरचा ४५ अंशांचा मे महिना आम्हाला फार जड जातो.

मी हिशेबाचे काम करते. ते घरून होते. गेल्या मे महिन्यात तोंडी परवानगीवर तीन आठवडे केलेही. ऑनलाइन बैठक सुरू झाली की कूलरचा आवाज पलीकडे ऐकू जातो म्हणून तो बंद करावा लागे, आणि मुलाला तर कूलरच हवा. एका हाताने त्याच्या नडगीवर गरम पाण्याची पिशवी धरून मी आकडे वाचत असताना, आपले कण्हणे पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून तो उशी दातांत धरून पडला होता. जूनमध्ये साहेब बदलले आणि परवानगीही गेली. विचारले तर उत्तर आले, "तसा नियम नाही."

नियम खरेच नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ वर्षाला आठ नैमित्तिक रजा देतो आणि त्या तिमाहीगणिक जमा होतात, म्हणजे तीन महिन्यांत दोन. मुलाचे दुखणे एकदा उठले की चार-पाच दिवस राहते. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली घरून कामाची तरतूद आली, पण ती प्रसूती रजेनंतरच्या आईसाठी, आणि तीही मालकाशी ठरेल तशी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत सिकलसेल आहे, मात्र त्याचा उपयोग रुग्णाला. माझ्या नोकरीला नाही.

दुकाने व आस्थापना अधिनियम राज्याचा असल्याने त्यातील दुरुस्ती आपण मांडू शकता. घरून कामाचा सरसकट हक्क मी मागत नाही (हिंगण्याच्या कारखान्यात यंत्रावर उभ्या असलेल्या बाईला त्याचा काय उपयोग? तिला वेगळी रजाच लागेल). मागणी एवढीच की, घरात दीर्घ आजारी माणूस असलेल्या कर्मचाऱ्याने घरून कामाचा लेखी अर्ज केल्यास मालकाने पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे, नकार असल्यास कारण नोंदवावे, आणि दिलेली परवानगी साहेब बदलले म्हणून तोंडी काढून घेता येऊ नये.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल. थंडीही या आजाराला मानवत नाही, त्यामुळे तेव्हा विधानभवनापर्यंत येणे मला जमेलच असे नाही. म्हणून हे पत्र आधीच लिहिले.

आपली नम्र,
महालमधील एक हिशेबनीस, नागपूर