मंत्रिमहोदय, रसायनशास्त्रज्ञाला एच-इंडेक्सने मोजू नका

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सादर नमस्कार.

मी गेली 26 वर्षं सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला गेली होती. पीएचडीची पाच वर्षं तिने एकच रेणू प्रयोगशाळेत घडवण्यामागे घालवली. त्यातली एक पायरी हटून बसली होती. यील्ड, म्हणजे हाती येणाऱ्या पदार्थाचं प्रमाण, बारा टक्क्यांच्या वर जाईना. ते सत्तरवर न्यायला तिला दीड वर्ष लागलं. टीएलसीची, म्हणजे मिश्रणातले घटक वेगवेगळे दाखवणारी, पट्टी यूव्ही दिव्याखाली धरून, एकमेकांना चिकटलेले दोन स्पॉट सुटे झाले का हे रात्री अकरा वाजता बघत उभी असलेली ती मी पाहिली आहे. मुलाखतीत त्या रेणूबद्दल एकही प्रश्न आला नाही. “एच-इंडेक्स किती?” “चार.” “बरं, या आता.”

हा आकडा 2005 साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. तुमच्या दहा पेपरांचा संदर्भ प्रत्येकी किमान दहा वेळा कुणी दिला असेल, तर तुमचा एच-इंडेक्स दहा. हिशेब सोपा आहे, म्हणून समित्यांच्या सोयीचा. पण एखाद्याचे तीनच पेपर असतील आणि प्रत्येकाला पाचशे संदर्भ मिळाले असतील, तरी त्याचा आकडा तीनच्या वर जात नाही. आमच्या विषयात तर पंधरा पायऱ्यांच्या संश्लेषणात, म्हणजे रेणू घडवण्यात, वर्षंच्या वर्षं जातात आणि हाती पेपर येतो एक.

शिवाय जे काम सगळ्यांच्या अंगवळणी पडतं, त्याचा संदर्भ द्यायचं माणसं विसरतात. क्लार्क स्टिल, मायकेल कान आणि अभिजित मित्रा यांनी 1978 साली तीन पानांचा एक पेपर लिहिला. सिलिकाची पूड भरलेल्या नळीवर, म्हणजे कॉलमवर, हवेचा थोडा दाब दिला, की तासन्‌तास चालणारं मिश्रण वेगळं करण्याचं काम दहा-पंधरा मिनिटांत होतं, एवढंच त्यात होतं. त्या पेपरला हजारो संदर्भ मिळाले, हे खरं. पण आज जगभरच्या प्रयोगशाळांत रोज असे कॉलम लागतात आणि “फ्लॅश कॉलम केला” एवढं लिहून लोक पुढे जातात. माझ्या मुलांना ही तिघांची नावं मी मुद्दाम सांगते, कारण ती दुसरीकडे कुठे त्यांच्या कानावर पडत नाहीत.

आता आपल्याकडचं उदाहरण. रसायनशास्त्रज्ञ डॉ. ए. व्ही. रामा राव गुंटूरचे. माटुंग्याच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत शिकले, पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत के. वेंकटरामन यांच्या हाताखाली पीएचडी केली आणि पुढेही बरीच वर्षं तिथेच काम केलं. नंतर हैदराबादच्या आयआयसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेचे संचालक झाले. 1970च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, फक्त तो बनवण्याच्या रीतीवर मिळायचं. म्हणजे नवी रीत शोधणारा रसायनशास्त्रज्ञ मिळाला, तर महागडं औषध इथे स्वस्तात बनू शकत होतं. एचआयव्हीवरचं एझेडटी हे औषध रामा रावांच्या प्रयोगशाळेतल्या रीतीने सिप्ला या औषध कंपनीने बनवलं आणि परदेशी औषधापेक्षा खूप कमी किमतीत 1990च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणलं. रामा रावांनी पेपरही पुष्कळ लिहिले. पण ती गोळी घेणाऱ्या रुग्णाची नोंद कुठल्या सायटेशनच्या, म्हणजे संदर्भांच्या, तक्त्यात होते?

आकड्यामागे लागण्याचे परिणाम आम्ही रोज बघतो. मार्गदर्शक अवघड रेणू टाळतात. एका कामाचे चार तुकडे करून चार पेपर काढतात. एकमेकांचे संदर्भ देण्याची साटीलोटी चालतात. पैसे मोजून पेपरवर नाव घालून घेणारेही आहेत. शोधनियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या पेपरांना सरासरी किती संदर्भ मिळतात यावरून, माणसाची पारख करू नये, असं आवाहन 2012 साली सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादक आणि शास्त्रज्ञांनी केलं होतं. आपल्या विद्यापीठांच्या निवड समित्यांपर्यंत ते अजून पोचलेलं दिसत नाही.

साहेब, माझं मागणं खर्चाचं नाही. अर्जात उमेदवाराला स्वतःची तीनच कामं निवडून द्यायला सांगा. समितीत त्याच शाखेतली निदान दोन माणसं असू द्या आणि ती कामं त्यांनी आधी वाचलेली असू द्या. उद्योगाला दिलेली एखादी रीत, पेटंट, हाताखाली तयार झालेली मुलं यांनाही वजन द्या. मुलाखतीत उमेदवाराच्या हाती खडू द्या, त्याचा रेणू फळ्यावर काढायला लावा आणि कुठली पायरी नडली, ती कशी सोडवली, हे विचारा. त्याला अर्धा तास लागेल, लागू द्या.

माझी विद्यार्थिनी सध्या एका औषध कंपनीत काम करते. जाहिरात निघाली की ती पुन्हा अर्ज करणार आहे.

आपली विश्वासू,
सेंद्रिय रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका