चि. मनूस, युरिक ॲसिडचा रिपोर्ट पाहून

धनकवडी, पुणे
रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रिपोर्टचा फोटो मिळाला. युरिक ॲसिड ८.४. पायाच्या अंगठ्याचाही पाहिला. लाल, तुकतुकीत, टम्म सुजलेला. बाबांनी चष्मा लावून तो फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "हे आपल्या घरातलंच." खरंच आहे ते. युरिक ॲसिडने सांधा सुजतो तो हा आजार, गाउट, तुझ्या आजोबांना होता, थोरल्या काकांना आहे, बाबांना आहे. म्हणून आधी हे सांगते की तू काहीतरी वाईट खाल्लंस आणि त्याची शिक्षा मिळाली, असं मनात आणू नकोस. युरिक ॲसिडचा मोठा भाग आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून तयार होतो, जेवणातून येतो तो थोडा. ते बाहेर टाकण्याचं साधारण दोन तृतीयांश काम किडनी करते आणि उरलेलं आतडं. आपल्या घरात हे बाहेर टाकणंच मंद असणार. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात युरिक ॲसिड फोडणारं एक एन्झाइम असतं, माणसाकडे ते नाही. त्यामुळे आपल्याला आयुष्यभर लक्ष ठेवावं लागतं.

फोनवर बोलले असते, पण फोनवर तू "हो आई, हो आई" म्हणतोस आणि अर्धं विसरतोस. म्हणून लिहून पाठवते आहे.

आधी आजचं बघ. पाय उशीवर उंच ठेव. बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं लाव, थांब, पुन्हा लाव. गरम पाण्याचा शेक नको. तेल लावून चोळणं तर अजिबात नको, मालिशवाल्याकडे जाणं नको. डॉक्टरांनी दिलेली सूज उतरवणारी गोळी वेळेवर घे. असा झटका आला की औषध पहिल्या दिवसातच सुरू झालं तर लवकर आवरतो. दुखण्यासाठी ॲस्पिरिन घेऊ नकोस, त्याने युरिक ॲसिड अडकून राहतं. आणि अंगात ताप भरला, थंडी वाजली किंवा सूज वर चढत गेली तर वाट न बघता दवाखाना गाठ. सांध्यात जंतुसंसर्ग झाला तरी असाच लाल सुजलेला सांधा दिसतो. तो वेगळा आजार आहे आणि त्याला उशीर चालत नाही.

आता आकड्याचं. इतकी वर्षं लॅबमध्ये काम केलं, म्हणून हे मी जरा जोर देऊन सांगते. रिपोर्टवर पुरुषांसाठी ७ च्या आसपासपर्यंत नॉर्मल छापलेलं असतं. ते सगळ्यांसाठी. ज्याला गाउट झाला आहे त्याच्यासाठी नॉर्मल म्हणजे ६ च्या खाली. कारण रक्तात युरेट, म्हणजे रक्तातल्या रूपातलं युरिक ॲसिड, साधारण ६.८ पर्यंतच विरघळून राहतं. त्यापुढे ते सांध्यात सुईसारख्या खड्यांच्या रूपात बसायला लागतं. दिवाळीत पाक पक्का झाला आणि गार पडला की कडेने साखर धरते, तू पाहिलं आहेस. अंगठा हा शरीराचा हृदयापासून लांबचा, गार भाग, म्हणून बहुतेकांना पहिला दणका तिथेच बसतो, आणि तोही रात्री. ६ च्या खाली आकडा बरेच महिने टिकला की हे बसलेले खडे हळूहळू विरघळतात. ही चांगली बातमी आहे, मनू. फार थोड्या सांधेदुखींबद्दल असं म्हणता येतं.

एक लक्षात ठेव. झटका चालू असताना काढलेलं रक्त फसवतं, त्या वेळी आकडा कमीही दिसू शकतो. तुझा दुखत असतानाच ८.४ आला आहे, पण नेमका अंदाज हवा तर सगळं शांत झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपास. त्याच वेळी क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते त्यावरून कळतं), साखर, कोलेस्टेरॉल करून घे आणि बीपी मोजून घे. ही मंडळी बहुधा एकत्र फिरतात.

खाण्याचं आता सविस्तर लिहिते, कारण तुझ्या मावशीने काल नातेवाइकांच्या ग्रुपवर भली मोठी यादी टाकली. डाळ बंद, बेसन बंद, पालक बंद, टोमॅटो बंद, मटकी बंद. ती प्रेमानेच टाकते. पण ती यादी पाळू नकोस. डाळीत, मटकीत, पालकात प्युरिन असतं हे खरं, आणि शरीरात त्याचंच युरिक ॲसिड बनतं. पण अमेरिकेत ४७ हजारांहून जास्त पुरुषांवर १२ वर्षं लक्ष ठेवून एक मोठा अभ्यास झाला, २००४ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात मटण आणि मासे जास्त खाणाऱ्यांना गाउटचा धोका वाढलेला दिसला, प्युरिन असलेल्या भाज्या-कडधान्यांनी तो वाढला नाही, आणि दूध-दही घेणाऱ्यांत उलट कमी होता. म्हणजे आमटी-भात खा, पिठलं-भाकरी खा, मटकीची उसळ खा. डाळ सोडून लोक मग काय खातात? मैदा आणि गोड. ते या आजाराला जास्त वाईट.

मटणाचं मात्र ऐकावं लागेल, आणि आखाड चालू असताना हे सांगायला मलाही जड जातं. आपल्या घरात आखाडात बोलाईचं मटण, आळणी, तांबडा रस्सा हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. पण प्युरिन पाण्यात उतरतं. मटण शिजवलं की त्यातलं बरंच आळणीत आणि रश्श्यात येतं. लोकांना वाटतं फोडी खाल्ल्या नाहीत, नुसता रस्सा ओरपला, तर काय बिघडलं? इथे तेच बिघडतं. पायाचं सूपही त्यातच आलं. कलेजी, वजडी, भेजा, गुर्दा हे तर तू कायमचं सोडच, त्यात प्युरिन सगळ्यात जास्त. मटण आठवड्यातून एकदा, १०० ते १५० ग्रॅम, सुकं, रस्सा चवीपुरता. कोंबडीलाही हेच माप, ती पांढरी म्हणून माफ नाही. माशांत तारली, बांगडा, मांदेली आणि तिसऱ्या टाळ. अंडी खुशाल खा, त्यात प्युरिन नगण्य.

दही, ताक, साय काढलेलं दूध रोज असू दे. दुधातली प्रथिनं युरिक ॲसिड लघवीवाटे काढायला मदत करतात. साखर न घालता कॉफी घेतोस, ती चालू ठेव. लिंबू, पेरू, आवळा, संत्री खा, पण फळ चावून. रस काढून नाही.

रसावरून आठवलं. गोड पेयांकडे कुणी बघतच नाही आणि मला त्यांचीच जास्त धास्ती वाटते. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो. फ्रुक्टोज लिव्हरमध्ये फोडला जाताना पेशीतली ऊर्जा झपाट्याने वापरली जाते आणि त्यातून थेट युरिक ॲसिड बनतं. मांस न खाता, नुसत्या गोडाने. तू वाकडहून ऑफिसला निघताना कोल्ड ड्रिंकची बाटली बॅगेत टाकतोस, दुपारी डब्यातला ज्यूस, घरी आलास की कोपऱ्यावरच्या रसवंतीत उसाचा रस, वर मस्तानी. मटणाआधी मी हे काढायला सांगेन. गूळ आणि मध आरोग्याला चांगले म्हणून त्यांना सूट देऊ नकोस, या बाबतीत ते साखरेचेच भाऊ आहेत.

बिअर. मला माहीत आहे तू शनिवारी मित्रांबरोबर घेतोस, आणि मी त्यावरून कधी बोलले नाही. आता बोलते. बिअरमध्ये दारू तर आहेच, वर तिच्यात स्वतःचं प्युरिनही आहे, त्यामुळे दोन बाजूंनी मार बसतो. दारू पचताना लॅक्टेट वाढतं आणि किडनी युरिक ॲसिड धरून ठेवते. बिअरऐवजी व्हिस्की घेईन, असं म्हणू नकोस. तिचा त्रास बिअरपेक्षा कमी असेल, पण आहे. गटारीला या वर्षी तू आमच्याकडे ये. मित्रांना सांग पाय सुजलाय, खोटं बोलावं लागणार नाही.

आणि लगेच पुढे श्रावण आहे. त्याची काळजी मला आखाडाइतकीच आहे. आपण आखाडात भरपूर खातो आणि श्रावणात कडक उपवास करून ते फेडतो. तुझ्या शरीराला हे दोन्ही झेपणारं नाही. पोट रिकामं राहिलं की शरीर स्वतःची चरबी जाळतं, त्यातून कीटोन बनतात, आणि किडनीतून बाहेर पडताना ते युरिक ॲसिडची वाट अडवतात. त्यात पाणी कमी प्यायलं तर झालंच. म्हणून निर्जळी तू करायची नाहीस. सोमवार धरायचाच असेल तर पाणी, ताक, फळ, दूध घेत राहा, साबुदाणा-बटाट्यावर दिवस काढू नकोस. देव रागावत नाही, ते माझ्यावर सोड. तुझ्या ऑफिसातली मुलं करतात ते किटो आणि दिवसभर उपाशी राहण्याचे प्रकारही याच कारणासाठी तुला नकोत.

वजन उतरायला हवं हे खरं, पण हळू. महिन्याला दोन किलो गेलं तरी मी खूश. रात्रीचं जेवण ॲपवरून मागवणं कमी कर, तिथून ते सुरू होईल. पाय पूर्ण बरा झाला की शनिवारी रात्री इकडे ये, सकाळी बाबांबरोबर तळजाईला चाल. सिंहगड लगेच नको. घाम गाळून, पाणी न पिता गड चढला आणि रात्री अंगठा ठणकला, हे बाबांच्या ग्रुपमधल्या एकाचं झालेलं आहे. पाणी दिवसाला अडीच-तीन लिटर, लघवी पाण्यासारखी फिकट दिसेल इतकं. एसीत तहान लागत नाही म्हणून टेबलावर बाटली भरून ठेव आणि झोपण्याआधी एक ग्लास घे. युरिक ॲसिडचे मुतखडेही होतात, त्यांनाही हाच उपाय.

एवढं सगळं नीट केलंस तरी आकडा साधारण एकाने उतरेल. ८.४ चा ७.४. झटके कमी होतील, वजन, साखर, बीपी सुधारेल, म्हणून करायचंच. पण ६ च्या खाली यायला बहुधा गोळी लागेल, आणि हे तुला आत्ताच सांगते म्हणजे पुढे तुला हरल्यासारखं वाटणार नाही. वर्षातून दोनदा किंवा जास्त झटके आले, गाठी दिसल्या, किंवा किडनीचा त्रास असला तर डॉक्टर गोळी सुरू करतात. बाबा घेतात ती ॲलोप्युरिनॉल. गर्ट्रूड एलियन नावाच्या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या प्रयोगशाळेतून ती आली. कॅन्सरच्या एका औषधाचा परिणाम टिकावा म्हणून ते रसायन शोधलं होतं, मग दिसलं की ते युरिक ॲसिड बनणंच रोखतं. बाईंकडे पीएचडी नव्हती आणि १९८८ साली त्यांना नोबेल मिळालं. लॅबमध्ये आयुष्य काढलेल्या मला त्यांचा फार अभिमान वाटतो, म्हणून लिहिलं.

गोळी थोड्या डोसने सुरू होते, रक्त तपासत वाढवतात. सुरुवातीच्या महिन्यांत झटके उलट वाढू शकतात, कारण जुने खडे हलायला लागतात. लोक तेव्हाच घाबरून गोळी सोडतात. त्या काळासाठी डॉक्टर जोडीला थोडं कोल्चिसिन, म्हणजे झटका आवरणारं औषध, देतात. हे कोल्चिसिन पावसाळ्यात सह्याद्रीत फुलते त्या कळलावीतही असतं, पण तिचा कंद जहाल विष आहे, कुणी घरगुती औषध म्हणून सांगितलं तर हात लावू नकोस. ॲलोप्युरिनॉल घेताना अंगावर पुरळ उठलं, तोंड आलं, तर गोळी त्याच क्षणी बंद आणि डॉक्टरांना फोन. बाकी दुखत नाही म्हणून बंद करायची नाही. आजी गुळवेलीचा काढा देईल, तोही डॉक्टरांच्या कानावर घातल्याशिवाय नको.

थोरल्या काकांची बोटं तू पाहिली आहेस. त्या गाठी युरेटच्याच आहेत. त्यांनी गोळी मनाने सोडली आणि दर वेळी दुकानातून दुखण्याची गोळी आणून दिवस ढकलले. आज क्रिएटिनिनही वाढलेलं आहे. बाबा त्यांचेच भाऊ, तेच रक्त. बाबांचा आकडा गेली काही वर्षं ५ च्या आसपास आहे, आणि आखाडात ते दोन फोडी मटण खातात. मला तुझ्यासाठी बाबांचं हवं आहे.

मागच्या महिन्यात बीपीची गोळी सुरू झाली म्हणालास. तिच्या पाकिटाचा फोटो आज पाठव. लघवी वाढवणाऱ्या काही बीपीच्या गोळ्यांनी युरिक ॲसिड चढतं, आणि लोसार्टन या बीपीच्याच गोळीने थोडं उतरतं, तेव्हा बदलून मिळते का ते डॉक्टरांना विचारू. तोवर स्वतः बंद करू नकोस. शुक्रवारी त्यांच्याकडे जाशील तेव्हा जुने सगळे रिपोर्ट आणि घरात कुणाकुणाला आहे ते लिहून ने. मी येऊ का सोबत, ते कळव. मी सकाळच्या बसने निघाले तर दहापर्यंत पोचेन.

तुझी,
आई