चि. ओंकारला, टीमची जबाबदारी घेताना

मिरज, रविवार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

टीम लीड झाल्याचं तू फोनवर सांगितलंस आणि बाबा लगेच पेढे आणायला निघाले. त्या गडबडीत आपलं नीट बोलणं झालं नाही. शेवटी तू म्हणालास, की टीमच्या मानसिक आरोग्यासाठी काय करणार ते एचआरने प्रत्येक लीडकडून लिहून मागितलंय. तुझ्या मनात शुक्रवारी योगाचा तास आणि महिन्यातून एकदा सगळ्यांनी बाहेर जेवण, एवढंच होतं. ‘आई, तू इतकी वर्षं वॉर्ड सांभाळलास, तूच सांग,’ असंही म्हणालास. फोनवर हे सगळं सांगून होणारं नाही, म्हणून लिहिते आहे.

योगाचा तास जरूर ठेव. पण ज्याला रात्री दोन वाजता कामासाठी उठवलं जातं, त्याला शुक्रवारी श्वास कसा घ्यायचा ते शिकवून फारसं साधत नाही. आधी त्याच्या रात्रीचं काहीतरी कर. माणसं कामामुळे आजारी पडत असतील तर दुरुस्ती कामात करावी लागते, आणि तुझ्या अकरा जणांचं काम कसं चालावं हे आता बरंचसं तुझ्या हातात आहे.

बदलीच्या नोकरीत मी बऱ्याच इनचार्ज सिस्टरांच्या हाताखाली काम केलं. त्यातल्या दोघींबद्दल सांगते, नावं आणि गावं सोडून. पहिल्या बाई कामाला वाघ होत्या. पण वॉर्डात काही चुकलं की त्यांचा पहिला प्रश्न ‘ड्यूटीवर कोण होतं?’ हाच असायचा. पेशंटच्या नातेवाइकांसमोर बोलणी बसायची आणि दुपारपर्यंत मेमो हातात पडायचा. त्यांच्या वॉर्डातलं चुकांचं रजिस्टर महिनोन्‌महिने कोरं असायचं, आणि तपासणीला येणारे साहेब त्यावर खूश असायचे. प्रत्यक्षात सहाचं इंजेक्शन साडेसातला दिलं तरी चार्टवर सहाच लिहिलं जायचं. नवीन मुलींना डोस कळला नाही तर त्या बाईंना विचारायच्या नाहीत, कारण ‘एवढंही येत नाही का?’ हे चारचौघांत ऐकावं लागायचं. त्या एकमेकींना हळूच विचारायच्या, आणि दोघींनाही माहीत नसलं तर अंदाज करायच्या. औषधाच्या डोसचा अंदाज! त्यातली एक मुलगी ड्यूटीवर येण्याआधी रोज उलटी करायची. पोटाचा कसलाही आजार तिला नव्हता. लहान बाळाची शीर तिला पहिल्या प्रयत्नात सापडायची, इतका चांगला हात होता तिचा. तिने नोकरी सोडली आणि पुन्हा नर्सिंग केलंच नाही. मला तिचं आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या बाई सकाळी ओव्हर घेताना, म्हणजे नाइटवाल्यांकडून वॉर्ड ताब्यात घेताना, रोज विचारायच्या, ‘काय चुकलं? आणि काय चुकता चुकता राहिलं?’ कुणी सांगितलं की आधी ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणायच्या. मग पेशंटला बघायच्या, डॉक्टरांना स्वतः कळवायच्या, आणि ते घडलं कसं हे त्यानंतर विचारायच्या. एकदा नाइटच्या सिस्टरने सांगितलं, की अँटिबायोटिक पातळ करायला डिस्टिल्ड वॉटरची ॲम्प्यूल घ्यायची होती, पण हातात पोटॅशियम क्लोराइडची आली. फोडण्याआधी लेबल वाचलं म्हणून निभावलं. पोटॅशियम तसंच थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. बाई त्या मुलीला काही बोलल्या नाहीत. ट्रॉलीपाशी गेल्या. दिसायला जवळजवळ सारख्या ॲम्प्यूल एकाच ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. त्याच दिवशी पोटॅशियम कुलपाच्या कपाटात गेलं. पहिल्या वॉर्डात ती मुलगी गप्प बसली असती, ट्रे तसाच राहिला असता, आणि पुढच्या कुणाच्या तरी हाताने एखादा पेशंट गेला असता.

एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेनेही हेच पाहिलं. त्यांनी हॉस्पिटलच्या वॉर्डांमधल्या औषधांच्या चुका मोजल्या. जिथे माणसं एकमेकांना धरून काम करतात तिथे चुका कमी निघतील असा त्यांचा अंदाज होता, पण आकडे उलटे आले. चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त! खोलात गेल्यावर लक्षात आलं, की तिथली माणसं चुका मोकळेपणी सांगत होती आणि बाकी ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. हा अभ्यास १९९६ साली छापून आला. पुढे १९९९ च्या लेखात त्यांनी टीममधल्या मानसिक सुरक्षिततेची मांडणी केली: प्रश्न विचारला, चूक कबूल केली किंवा वेगळं मत मांडलं म्हणून इथे आपला पाणउतारा होणार नाही, अशी टीममधल्या सगळ्यांची खात्री. तुमच्या सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या गूगलनेही स्वतःच्या टीम तपासल्या तेव्हा चांगल्या टीमच्या गुणांत हाच सगळ्यात वर आला.

म्हणून एचआरच्या कागदावर काहीही लिही, पण स्वतःपुरतं एक तपासत राहा: तुझ्या टीममधली वाईट बातमी तुझ्यापर्यंत किती लवकर येते? रिलीजच्या आदल्या आठवड्यात कुणी ‘हे वेळेत होणार नाही’ असं म्हणू शकतं का, की सगळे शेवटच्या रात्रीपर्यंत ‘चालू आहे’ म्हणत राहतात? पहिल्यांदा कुणी अशी बातमी आणेल तेव्हा तुझा चेहरा, तुझा आवाज सगळी टीम बघत असेल. त्या दोन मिनिटांत ती जे शिकेल, ते तुझ्या पुढच्या शंभर गोड मेलनी पुसलं जाणार नाही. चिडलास तर चिडलास, पण ग्रुपवर काही लिहू नकोस. बोलायचं ते त्या माणसाला बाजूला घेऊन बोल. कौतुक मात्र सगळ्यांसमोर कर, आणि नेमकं कर. ‘गुड जॉब’ म्हटल्याने कुणाला काही कळत नाही.

यातून ढिलं वागायचं असा अर्थ काढू नकोस. दुसऱ्या बाई पहिल्यांपेक्षा कडक होत्या. हात न धुता पेशंटला हात लावला तर खपवून घ्यायच्या नाहीत, आणि चूक लपवली तर त्यांच्याइतकं कठोर कुणी नसायचं. त्यांच्या हाताखाली आम्ही जास्त राबलो आणि तरी घरी जाऊन नीट झोपलो. काम कसं हवं याचा धाक असावा, माणसाचा नसावा.

आता ड्यूटी लिस्ट. तुमच्याकडे त्याला ऑन-कॉल म्हणतात ना? इनचार्ज झाल्यावर माझा सगळ्यात जास्त जीव त्या एका कागदात गुंतायचा. महिन्याची यादी आधीच्या महिन्याच्या पंचवीस तारखेला लावायचीच. एकीचं लग्न, एकीच्या मुलाची परीक्षा, एकीची सासू डायलिसिसवर, हे सगळं आधी विचारून घ्यायचं. शिफ्ट फिरवायची तर मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाइट, याच क्रमाने, कारण उलट्या क्रमापेक्षा शरीर हा क्रम बरा सोसतं. नाइट संपवून त्याच दिवशी इव्हिनिंग कुणालाही नाही. आणि आपापसात बदल करायची मुभा, फक्त मला सांगून. गणपतीत आणि दिवाळीत कोण येणार हे पोरी स्वतः ठरवायच्या. मी ठरवलं असतं तर भांडणं झाली असती.

ही मुभा फार मोलाची असते. इंग्लंडमध्ये सरकारी नोकरांचा एक प्रसिद्ध अभ्यास झाला, व्हाइटहॉलचा. तो १९६७ मध्ये सुरू झाला, आणि १९८५ पासून दहा हजारांवर स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांचा दुसरा टप्पा सुरू झाला. संशोधक मायकेल मार्मट यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. हृदयविकार सगळ्यात जास्त वरच्या साहेबांना होत असेल असं आपल्याला वाटतं, पण तो खालच्या पायरीवरच्यांत जास्त निघाला. त्याच्या कारणांमध्ये एक मोठं कारण हे सापडलं, की आपलं काम कधी, कसं, कोणत्या क्रमाने करायचं यावर त्या माणसांचा फारसा ताबा नसतो. म्हणून काय हवंय ते तू ठरव, कसं करायचं त्यातलं जेवढं सोडता येईल तेवढं त्यांच्यावर सोड.

तासांचंही बघ. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलं, की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्याला ३५ ते ४० तासवाल्यापेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. तू अभिमानाने सांगतोस की तुझी टीम शनिवारीही बसते. मला ते ऐकून काळजी वाटते. आपल्याकडे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० ला, आणि त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून सभा घेत होते, सह्यांचे अर्ज देत होते. दुपारी अर्धा तास विश्रांती हीसुद्धा त्यांची मागणी होती. लॅपटॉप घरी आला म्हणून ती सुट्टी परत देऊन टाकू नका.

रात्री अकराला ग्रुपवर मेसेज टाकून खाली ‘उद्या बघितलं तरी चालेल’ असं लिहायची सवय असेल तर ती सोड. लीडचा मेसेज कुणी उद्यावर टाकत नाही. लिहून ठेव आणि सकाळी पाठव. कामाच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्या लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी तसं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झालेला नाही. तुझ्या टीमपुरता तो नियम करायला तुला संसदेची गरज नाही.

एवढं करूनही कुणीतरी थकेल. बर्नआउट हा शब्द तुम्ही सहज वापरता. जागतिक आरोग्य संघटनेने तो आजार म्हणून नोंदवलेला नाही. कामाच्या ठिकाणचा ताण बराच काळ हाताळला गेला नाही की होणारी अवस्था, असं त्याचं वर्णन आहे. अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन विटणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं, या तिन्हींवर लक्ष ठेव. पहिलं दिसतं. दुसरं तुला उद्धटपणा वाटेल आणि तिसरं कामचुकारपणा, आणि तिथेच लीडची गफलत होते. नेहमी वेळेवर येणारा उशिरा यायला लागला, हसणारी मुलगी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवायला लागली, तर अप्रेजलची वाट बघू नकोस. चहाला घेऊन जा. ‘गेले काही दिवस तू नेहमीसारखा वाटत नाहीस, कामात काही जड जातंय का?’ एवढंच विचार आणि थांब. लगेच उपाय सुचवू नकोस. ‘सगळ्यांनाच असतं रे’ तर मुळीच म्हणू नकोस. कामातलं काही काढून घेता येत असेल तर त्याच दिवशी काढून घे, ‘बघू’ म्हणू नकोस. आणि जे कळेल ते तुझ्यापाशीच ठेव. डॉक्टरकडे जायला सुट्टी हवी असेल तर कोणत्या डॉक्टरकडे ते विचारू नकोस. आपल्या गावात अजूनही मानसोपचारवाल्यांच्या दवाखान्यात लोक तोंड लपवून जातात. तुझ्या टीममध्ये तसं व्हायला नको. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही. तो नंबर सगळ्यांना दिसेल असा लाव, म्हणजे कुणाला तो मागावा लागणार नाही.

मुली टीममध्ये आहेत म्हणून हेही: २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. तुमच्याकडे तिच्यावर कोण आहे ते उद्याच विचार. कुणी तुझ्याकडे आली तर आपसात मिटवायला जाऊ नकोस, समितीकडे जायला तिला मदत कर.

तुझ्यावर वरून दाब येणार, हे मला माहीत आहे. माझ्यावर मेट्रनचा, अधीक्षकांचा यायचा. तो जसाच्या तसा खाली ओतला की आपलं ओझं हलकं झाल्यासारखं वाटतं, पण तसं करू नकोस. क्लायंटची तारीख अशक्य असेल तर वर आकडे घेऊन जा: इतकी माणसं, इतके तास, एवढंच होईल. मी स्टाफ कमी असताना किती पेशंटमागे किती सिस्टर आहेत ते रोज लिहून पाठवायचे. दरवेळी माणसं मिळाली नाहीत, पण लेखी कागद असल्यावर पोरींना कुणी दोष देऊ शकलं नाही. त्यांनाही कळायचं की बाई आपल्या बाजूने बोलतात.

तूही त्या अकरा जणांत बारावा आहेस. तुझी झोप, तुझं जेवण त्यांच्याइतकंच महत्त्वाचं. लीड रात्रभर जागतो म्हटल्यावर बाकीचे झोपायला बिचकतात.

पुढच्या महिन्याची ऑन-कॉलची यादी केलीस की मला फोटो काढून पाठव. रात्री कशा वाटल्यास ते मला बघायचंय, आणि सलग दोन आठवडे कुणाच्याच वाट्याला यायला नकोत. ज्या मुलाबद्दल तू म्हणालास की हल्ली तो फार गप्प असतो, त्याच्याशी या आठवड्यातच बोल आणि काय झालं ते कळव.

तुझी,
आई